गेमबॉयला तोंड आहे, कान नाही

आत्ता जो किर्रर्र आवाज झाला, तो ऐकून मागच्या रांगेतल्या दोघांनी कान झाकले. बरोबरच केलं. तो आवाज तुमच्यासाठी नव्हताच. टेबलावरच्या या छोट्या वाद्यासाठी आलेली सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती होती ती.

शेजारी गेमबॉय आहे, निन्टेन्डोचा, १९८९ चा. त्यात आवाजाचे चारच मार्ग: दोन चौकोनी लहरींचे, एक आपण आकार द्यायच्या लहरीचा आणि एक निव्वळ खरखरीचा. एवढ्या भांडवलावर हॅम्बुर्गमध्ये कला शिकणाऱ्या ओलिव्हर विट्शोनं १९९८ साली 'नॅनोलूप' हा गेमबॉयवर संगीत रचायचा प्रोग्रॅम उभा केला. मागोमाग स्वीडनच्या योहान कोटलिन्स्कीचा तसाच प्रोग्रॅम, 'एलएसडीजे', आला. खेळण्याचं वाद्य झालं! पण गेमबॉयला हेडफोनचं भोक आहे, माइकचं नाही. तोंड आहे, कान नाही. म्हणून नवी आवृत्ती हवी तर कार्ट्रिज काढून संगणकाला जोडा. कार्ट्रिज म्हणजे आपण लहानपणी जिला 'कॅसेट' म्हणायचो ती.

गंमत अशी, की संगणकाची माहिती आवाज करून पाठवायचं हे काम खऱ्या, गाण्यांच्या कॅसेटवर फार पूर्वीच झालं होतं. १९७५ च्या कॅन्सस सिटी पद्धतीत शून्य म्हणजे १२०० हर्ट्झची चार आवर्तनं, एक म्हणजे २४०० हर्ट्झची आठ. दोन्हींना वेळ सारखाच लागतो, त्यामुळे सेकंदाला ३०० बिट, म्हणजे ३०० शून्य-एक. एका अक्षरामागे सुरुवात-शेवट दाखवणारे धरून ११ बिट, म्हणजे सेकंदाला जेमतेम २७ अक्षरं. एलएसडीजेची गाणी १२८ केबीत राहतात. हिशेब करा: ऐंशी मिनिटं! नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या दोन्ही बाजू.

मग ज्या वाद्यांना कान होते, त्यांनी ही युक्ती उचलली. कॉर्ग कंपनीच्या मोनोट्राइब या छोट्या इलेक्ट्रॉनिक वाद्यात ताल जुळवायला एक भोक होतंच; त्यातच ध्वनिफाइल वाजवून सॉफ्टवेअर बदलता यायचं. वेगळी यूएसबी नको, तिचा खर्च नको.

फक्त फाइल एमपी-३ करून चालत नाही. माणसाला जे ऐकू येणार नाही ते एमपी-३ गाळतं, आणि यंत्राला नेमकं तेच लागू शकतं. मोबाइलमधला 'बास' वाढवणारा पर्यायही बंद हवा. आवाज कमी पडला तर बिट निसटतात, जास्त झाला तर लहरींची टोकं छाटली जातात. चांगल्या यंत्रात माहितीच्या दर तुकड्यासोबत त्यातल्या आकड्यांच्या बेरजेची खूण येते. ती जुळली नाही की यंत्र तो तुकडा नाकारतं.

माझ्या वाद्यानं एकदा असंच नाकारलं. अर्ध्यावर आलं होतं, आणि मोबाइलवर बायकोचा मेसेज टिंग करून वाजला: 'येताना कोथिंबीर'. ते टिंगही वाद्यानं इमानानं ऐकलं. लाल दिवा लागला. सुदैवानं अपडेट ऐकणारा छोटा प्रोग्रॅम वेगळ्या जागी असतो, तो पुसला जात नाही. सुरुवातीपासून पुन्हा वाजवलं आणि झालं.

आता उरलेलं वाजवतो. कृपया सगळ्यांनी मोबाइल बंद करा, कोथिंबीर नंतर.