मार्चअखेरचा पैसा, जूनमधली शाळा

श्रोतेहो, नमस्कार.

सांगली जिल्ह्यातील एका पंचायत समितीच्या शिक्षण विभागात, हिशेबाच्या टेबलावर, माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली. त्यामुळे कोणतीही शाळा मला आधी कॅशबुकात दिसते आणि मग डोळ्यांना. ही खोड आपण सांभाळून घ्यावी.

शाळांवर सरकारने काय आणि कसे खर्चावे, हा वाद आपल्या मातीत जुना आहे. ज्यांच्या घराण्याचे मूळ सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, त्या महात्मा जोतीराव फुल्यांनी 1882 साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात असा आक्षेप घेतला होता, की महसूल येतो कष्टकरी रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. पैसा कोणाकडून येतो आणि कोणापर्यंत पोचतो, ही त्यांची विचारणा कसलेल्या हिशेबनिसाची होती. पुढे चर्चा रकमेवर येऊन थांबली. कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी असे सुचवले. 1968, 1986 आणि 2020 या तिन्ही राष्ट्रीय धोरणांनी तेच उद्दिष्ट पुन्हा लिहिले, आणि देशाने ते अद्याप गाठलेले नाही. ही तूट खरी आहे आणि ती भरून निघालीच पाहिजे. परंतु आज मला बोलायचे आहे ते जो पैसा मंजूर होतो, त्याच्या प्रवासाविषयी.

जिल्हा परिषदेच्या शाळांवरील खर्चाचा सर्वांत मोठा भाग वेतनाचा असतो. तो थेट शिक्षकांच्या खात्यावर जातो आणि त्यात शाळेला ठरवण्यासारखे काही नसते. शाळेच्या हाती उरते ते अनुदान. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांत पट 30 पर्यंत असेल तर वर्षाला 10 हजार रुपये, आणि 31 ते 100 असेल तर 25 हजार रुपये, एवढी त्याची कमाल मर्यादा आहे. वीजबिल, खडू, दुरुस्ती, स्वच्छता, सगळे यातूनच. रक्कम लहान आहेच, पण माझ्या टेबलावरून दिसायचे ते दुखणे निराळे होते. वर्ष सुरू होते जूनमध्ये, आणि पैसे कित्येकदा येत मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. मग तीन कोटेशने, एक बिल, उपयोगिता प्रमाणपत्र, आणि 31 तारखेच्या आत खाते रिकामे. शाळेला काय हवे यापेक्षा दोन दिवसांत बिलासह काय मिळेल यावर खरेदी ठरते. हिशेब मात्र चोख असतो. मीच तपासलेला असतो.

जत तालुक्यातील एका वाडीवरच्या शाळेचे प्रकरण माझ्या मनातून जात नाही. दिवाळी झाली की तिथली निम्मी घरे ऊसतोडीला जातात. पटावर अडतीस मुले आणि जानेवारीत वर्गात वीससुद्धा नाहीत, अशी ती शाळा. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे: आईवडील फडावर गेले तरी मुलाने गावातच राहावे, सकाळ-संध्याकाळ जेवण मिळावे आणि शाळा बुडू नये. मुख्याध्यापकांनी नावांनिशी यादी करून प्रस्ताव सप्टेंबरमध्येच पाठवला होता. मंजुरीचा कागद माझ्या हाती आला तेव्हा टोळ्या कारखान्यावर पोचून महिना उलटला होता आणि मुले कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्या भावंडांना सांभाळत बसली होती. त्या वर्षाच्या ताळेबंदात ही रक्कम अखर्चित दिसली आणि वर ताशेरा आला, की शाळेने निधी वापरला नाही.

परदेशांतील अनुभव पाहिला, तर विकसनशील देशांत ही कथा निरनिराळ्या रूपांत भेटते. केनियाच्या ग्रामीण भागात काही शाळांना पाठ्यपुस्तके पुरवून त्याचा परिणाम मोजला गेला. सरासरी गुण वाढले नाहीत. फायदा झाला तो आधीपासून पुढे असलेल्या मुलांना, कारण पुस्तके इंग्रजीत होती आणि बहुतेक मुलांना ती वाचताच येत नव्हती. सीमेवर कन्नड बोलणाऱ्या घरांतून मराठी शाळेत आलेले मूल ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. इंडोनेशियाने 2005 च्या कायद्याने प्रमाणित शिक्षकांना मूळ वेतनाइतका भत्ता दिला, म्हणजे पगार जवळजवळ दुप्पट केला. अभ्यासकांनी पुढे तपासले तेव्हा शिक्षक अधिक समाधानी होते, जोडधंदा करणारे कमी झाले होते, पण मुलांच्या शिकण्यात फरक आढळला नाही. आंध्र प्रदेशातील प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. तिथे शाळांना अचानक अनुदान मिळाले त्या वर्षी मुलांचे गुण वाढले. दुसऱ्या वर्षी ते मिळणार हे पालकांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी वह्या-पेन्सिलींवरचा स्वतःचा खर्च कमी केला, आणि वाढ दिसली नाही. यात पालकांचा दोष कसला? वाचलेले पैसे घरात दुसऱ्या गरजेला लागले असतील.

हे निष्कर्ष सांगताना मला एक धास्ती वाटते. पैशाने काही होत नाही, मग द्यायचाच कशाला, असे म्हणणारे टपलेलेच असतात. त्यांना इंडोनेशियाचाच दुसरा दाखला द्यावा लागेल: 1973 नंतरच्या पाच-सहा वर्षांत त्या देशाने 61 हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या, आणि त्या पिढीचे शिक्षण वाढले, पुढे मजुरीही वाढली. जिथे शाळाच नव्हती तिथे खर्चाने काम केले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हा आपल्याकडची अडचण तीच होती. आज शाळा बहुतेक वाड्यांवर पोचली आहे. आता अडते ते पाचवीतल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येण्यापाशी: मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीत 2024 साली ग्रामीण भारतातील पाचवीच्या निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना तो वाचता आला नाही. इमारतीसाठी पैसा एकदा लागतो. मागे पडलेल्या मुलाजवळ रोज तासभर बसणारे माणूस मात्र जूनपासून लागते, आणि मार्चअखेरच्या बिलात ते बसत नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 मध्ये यासाठी एक वाट ठेवलेली आहे. पालकांचे बहुमत असलेल्या शाळा व्यवस्थापन समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा आणि अनुदानाची आखणी त्या आराखड्यावरून व्हायची, असा तो क्रम आहे. माझ्या टेबलावर आलेले आराखडे मी अनेकदा मागच्या वर्षीच्या प्रतीशी ताडून पाहिले. बहुतेकांत बदललेली असे ती फक्त तारीख, आणि एकदा तर तीही बदललेली नव्हती. मी तो परत पाठवला नाही. मार्च संपायला तेव्हा चार दिवस राहिले होते.