अंतराळवीराला ‘कसं वाटलं?’ विचारू नका

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय, ‘अंतराळवीर भेटला तर त्याला काय विचारावं?’ या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या मनात त्या भेटीसाठीचा एक प्रश्न कित्येक वर्षं तयार आहे, आणि बहुतेकांचा प्रश्न ‘वर गेल्यावर कसं वाटलं?’ हाच आहे. हात वर करायला सांगत नाही, चेहऱ्यांवरच दिसतंय. माझं आजचं म्हणणं एवढंच, की तो प्रश्न सोडा. डोळ्यांबद्दल विचारा, हातांबद्दल विचारा, कामाबद्दल विचारा. काय वाटलं ते त्यातून आपसूक बाहेर येतं.

याचा पुरावा आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. ३ एप्रिल १९८४ला राकेश शर्मा बैकानूरहून सोयूझ टी-११मधून निघाले, बरोबर सोव्हिएत अंतराळवीर मालिशेव आणि स्त्रेकालोव. सॅल्यूत-७ या अंतराळ स्थानकावर पोचल्यावर इंदिरा गांधींनी त्यांना विचारलं, वरून भारत कसा दिसतो? उत्तर ‘सारे जहाँ से अच्छा’. ते इतकं गाजलं, की प्रश्न किती नेमका होता याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. ‘दिसतो’ असं विचारलं, ‘वाटतं’ असं नाही. आणि शर्मांच्या कामांपैकी एक काम नेमकं तेच होतं. टेरा नावाच्या प्रयोगात भारताच्या भूभागाची छायाचित्रं घ्यायची होती. खिडकीतून भारत न्याहाळणं ही ज्याची ड्यूटी, त्याला भारत कसा दिसतो हे विचारलं गेलं. उत्तर ओठांवर होतं ते म्हणून.

आता भेट म्हणजे काय, हे आधी ठरवू. समोरासमोरची भेट फार थोड्यांच्या नशिबी असते. ऑक्टोबर १९६९मध्ये आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स जगाच्या दौऱ्यावर असताना मुंबईला आले होते. तेव्हा त्यांना पाहिलेले काही जण आजही भेटतात, पण त्यांच्याशी चार वाक्यं बोललेला माणूस शोधूनही सापडणं कठीण. सामान्य माणसाच्या आवाक्यातली खरी भेट रेडिओवरची आहे. अंतराळवीर तुमच्या डोक्यावरून जातोय आणि त्याचा आवाज मधे कुठलाही उपग्रह, कुठलंही इंटरनेट न घेता थेट तुमच्या हातातल्या रेडिओत उतरतोय, याहून जवळची भेट मला तरी सुचत नाही.

याची सुरुवात अमेरिकी अंतराळवीर ओवेन गॅरियट यांनी केली. नोव्हेंबर १९८३मध्ये कोलंबिया यानातून जाताना त्यांनी हातात मावणारा रेडिओ नेला, अँटेना खिडकीशी धरला आणि मोकळ्या वेळात पृथ्वीवरच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींना हाक दिली. पुढे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर शाळांसाठी कायमची सोय झाली. पहिला शालेय संवाद डिसेंबर २०००मध्ये बिल शेपर्ड यांनी केला. आणि जुलै २०२५मध्ये शुभांशू शुक्ला याच वाटेने बेंगळुरू आणि शिलाँगच्या कार्यक्रमांतल्या मुलांशी बोलले.

गणित बघा. स्थानक साधारण ४२० किलोमीटर उंचीवर, वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त. अगदी डोक्यावरून गेलं तरी क्षितिजापासून क्षितिजापर्यंत जेमतेम अकरा मिनिटं. ही अकरा मिनिटं सपाट समुद्रावर. आजूबाजूच्या इमारतींनी आणि डोंगरांनी क्षितिजापासून वरचे फक्त १० अंश झाकले, तर उरतात साडेसहा. खालच्या मजल्यावरची बाल्कनी आणि वरची गच्ची यांत चार मिनिटांचा फरक पडतो. शिवाय स्थानक क्षितिजावर असताना तुमच्यापासून साडेतेवीसशे किलोमीटर लांब असतं आणि डोक्यावर आलं की ४२०. अंतर साडेपाच पट कमी, म्हणजे सिग्नल तीसपट जोरदार. म्हणून सुरुवातीला नुसती खरखर ऐकून रेडिओ बंद करू नका. थांबा.

स्थानकावरून आवाज येतो १४५.८०० मेगाहर्ट्झवर. पण जवळ येणाऱ्या गाडीचा हॉर्न बारीक ऐकू येतो आणि लांब जाताना जाड, तसंच इथे होतं. येताना फ्रिक्वेन्सी साडेतीन किलोहर्ट्झ चढलेली असते, जाताना तेवढीच उतरलेली. हातातला रेडिओ ५ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी सरकतो, म्हणून रेडिओच्या स्मृतीतले तीन खाने आधीच भरून ठेवा: १४५.८०५, १४५.८०० आणि १४५.७९५. उगवताना पहिला, मधे दुसरा, मावळताना तिसरा. बदल सगळ्यात झपाट्याने होतो तो स्थानक माथ्यावर असताना, नेमका तेव्हाच माणूस आवाजात रमलेला असतो आणि बटण दाबायचं विसरतो. स्क्वेल्च, म्हणजे खरखर गप्प करणारी सोय, पूर्ण उघडा ठेवा, नाहीतर अशक्त सिग्नल रेडिओच गिळून टाकेल. एफएम रुंद ठेवा, अरुंद सेटिंगवर आवाज फाटतो.

रेडिओबरोबर येणारा रबरी अँटेना माथ्यावरच्या दोन-तीन मिनिटांपुरता चालतो. पूर्ण पास, म्हणजे स्थानक उगवल्यापासून मावळेपर्यंतची फेरी, ऐकायचा तर पट्टीची यागी, म्हणजे एका दिशेला रोखायचा अँटेना, करा. इथे थोडा वेळ घेतो, कारण ही वस्तू मला मनापासून प्रिय आहे. सुताराची पोलादी टेप घ्या, स्वस्तातली. मागचा तुकडा १०५ सेंटीमीटर. मधले दोन, ४५-४५चे. पुढचा ८९. दांडा पीव्हीसी पाइपचा. मागच्यापासून मधल्यापर्यंत २० सेंटीमीटर, मधल्यापासून पुढच्यापर्यंत ३२. पट्ट्या पाइपच्या जोडांवर होज क्लिपने आवळायच्या. मधल्या दोन पट्ट्यांच्या मधे अडीच सेंटीमीटरची फट, आणि त्या फटीवर साडेबारा सेंटीमीटर तारेचा यूसारखा वाक. त्याच दोन टोकांना केबल. हा वाक बहुतेक जण शोभेचा समजून गाळतात. तो नसेल तर केबल आणि अँटेना यांचा मेळ बसत नाही आणि सिग्नल वाटेतच मरतो. दुसरी चूक रंगाची: टेपवरचा पिवळा रंग पॉलिश पेपरने खरवडून चकचकीत पोलाद उघडं केल्याशिवाय सोल्डर धरत नाही. धरल्यासारखं दिसतं, पण दुसऱ्या दिवशी हातात येतं.

धरायचा कसा? पट्ट्या एकामागे एक, ८९ सेंटीमीटरची पट्टी स्थानकाकडे. आणि आवाज अचानक बसला तर दिशा बदलण्याआधी मनगट फिरवा, आडवी पट्टी उभी करा. स्थानक सरकताना लहरींची ठेवण आपल्या दृष्टीने फिरत असते, नुसत्या मनगटाने गेलेला आवाज परत येतो. पासची वेळ ताज्या कक्षा-माहितीवरून काढा. मधे स्थानकाची कक्षा उचलली गेली असेल, तर जुन्या माहितीवर काढलेली वेळ चुकते. ऐकायला हे पुरेसं आहे. स्वतःच्या रेडिओवरून बोलायचं असेल तर सरकारी परीक्षा देऊन हॅम परवाना काढावा लागतो.

आणि आता एक गोष्ट, जी प्रत्येक नव्या श्रोत्याला चकवते. शाळेचा संवाद चालू असताना गच्चीवर तुम्हाला फक्त अंतराळवीर ऐकू येतो. मुलाचा प्रश्न वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर वर जातो, तो तुमच्या रेडिओत येतच नाही. म्हणजे तुम्ही नुसती उत्तरं ऐकता. ‘हो, तीन वेळा. आणि दरवेळी डाव्या हाताने. ओव्हर.’ कशाबद्दल, ते कळत नाही. म्हणून सरावलेले अंतराळवीर उत्तराआधी प्रश्न थोडक्यात पुन्हा सांगतात. त्या सांगण्याचा किती उपकार होतो, हे खाली पट्टी धरून उभ्या असलेल्यालाच कळतं.

संयोजकांसाठी माझी हात जोडून विनंती आहे. स्थानक प्रमुख पाहुण्यांसाठी थांबत नाही. सत्कार, शाल, प्रास्ताविक, सगळं पासच्या आधी उरका किंवा नंतर करा. आणि मुलांना ‘नमस्कार, माझं नाव अमुक, मी अमुक शाळेत शिकते, आपल्याशी बोलताना फार आनंद होतोय’ हे पाठ करायला लावू नका. त्या वाक्याला आठ सेकंद लागतात. अठरा मुलं म्हणजे १४४ सेकंद, जवळजवळ अडीच मिनिटं. तेवढ्यात आणखी चार मुलांचे प्रश्न झाले असते. त्या चार मुलांनी सराव केलेला असतो, ती रांगेत उभी असतात, आणि त्यांची पाळी यायच्या आत स्थानक मावळतं. हे पाहवत नाही. नाव, प्रश्न, ओव्हर. बस.

चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरलीत. मूळ विषय आता भराभर सांगतो.

काय विचारावं. एक, ज्याची तारीख, वस्तू किंवा अवयव सांगता येतो असंच विचारा. शुक्लांनी स्थानकावर मूग आणि मेथी उगवली. ‘शेतीचा प्रयोग कसा वाटला?’ यापेक्षा ‘पाणी थेंबात न पडता गोळा होऊन चिकटत असताना बियांना किती पाणी मिळालं हे कसं कळायचं?’ हे विचारा. दुसऱ्या प्रश्नाला आधीच तयार असलेलं उत्तर नसतं. तिथे माणूस थांबतो, आठवतो आणि मग बोलतो.

दोन, मोहिमेतल्या रखडण्याबद्दल विचारा. शुक्लांच्या ॲक्सियम-४ मोहिमेचं उड्डाण मे अखेरीपासून पुढे पुढे जात २५ जून २०२५ला झालं. मधे रॉकेटमध्ये द्रव ऑक्सिजनची गळती, मग स्थानकाच्या रशियन भागातल्या गळतीची तपासणी. एवढे दिवस विलगीकरणात असताना हात गंजू नयेत म्हणून रोज नेमकं काय केलं? हे फारसं कुणी विचारत नाही. अंतराळवीराच्या आयुष्यात वाट बघणं उड्डाणापेक्षा कितीतरी जास्त असतं.

तीन, यानाबाहेर काम केलेला कुणी भेटला तर हातमोज्यांबद्दल विचारा. अमेरिकी पोशाखात हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन-दशांशाच्या आसपास असतो. फुगलेल्या हातमोज्यात मूठ वळायची म्हणजे दरवेळी चेंडू दाबायचा. सहा-सात तास. काहींची नखं त्यात सुटून येतात. सुनीता विल्यम्स यांनी अशा ९ फेऱ्या केल्या, मिळून ६२ तास. ‘कुठल्या बोटाने आधी दगा दिला?’ हा प्रश्न ऐकला की समोरचा माणूस आपोआप स्वतःच्या हाताकडे बघतो. तिथून पुढे तो जे सांगेल, ते कुठल्याही मुलाखतीत छापलेलं नसेल.

चार, ज्याचं उत्तर दोन ओळींच्या वाचनात मिळतं ते विचारू नका. किती दिवस, किती उंच, काय खाल्लं. हे वाचून या आणि त्याच्या पुढचं विचारा.

पाच, सही. रांगेत तुम्हाला मिळतात तीसेक सेकंद, त्यातली वीस सहीतच जातात. चकचकीत छायाचित्रावर बॉलपेन घसरतं. बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर न्या, आधी चालवून बघा आणि सही झाल्यावर एक मिनिट बोट लावू नका. बाजारात विक्री होते म्हणून आर्मस्ट्राँग यांनी १९९४पासून सह्या देणं बंद केलं होतं. कुणी नकार दिला तर राग धरू नका, ती वीस सेकंदं प्रश्नाला वापरा.

सहावा मुद्दा होता, पण दिवे लुकलुकायला लागले. पट्टीची यागी इथे टेबलावर ठेवली आहे. जाताना हातात घ्या, मनगट फिरवून बघा, आणि तो यूसारखा वाक कुठे आहे ते नीट पाहून जा.