कोंड्याचा मांडा करणारा निर्माता

नमस्कार श्रोतेहो.

हॉलिवूडच्या टेकड्यांवर वणवा लागल्याची बातमी आली, की लोक हळहळतात, कुणाचं घर गेलं का याची चौकशी करतात. अमेरिकन निर्माते-दिग्दर्शक रॉजर कॉर्मन यांनी अशीच एक बातमी ऐकली आणि दुसऱ्या दिवशी नट, घोडा आणि कॅमेरा घेऊन त्या जळक्या रानात ते हजर झाले. भयकथा लिहिणाऱ्या एडगर ॲलन पोच्या कथेवरचा ‘हाऊस ऑफ अशर’ त्यांच्या हातात होता आणि नायक एका शापित, मेलेल्या मुलखातून घोड्यावर येतो असं दाखवायचं होतं. असा मुलूख स्टुडिओत उभा करायचा तर हजारो डॉलर गेले असते. इथे काळी झाडं, राख, सगळं तयार. भाडं शून्य.

या माणसाची आख्खी कारकीर्द मला त्या एका सकाळीत दिसते, म्हणून सुरुवात तिथून केली.

कॉर्मन यांचा जन्म 5 एप्रिल 1926 चा, डेट्रॉइटचा. स्टॅनफर्डमधून इंजिनिअर झाले, यंत्रं फिरवणाऱ्या विजेच्या मोटर बनवणाऱ्या कंपनीत सोमवारी रुजू झाले आणि गुरुवारी राजीनामा दिला. चार दिवसांची नोकरी! मग ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्समध्ये निरोप्या म्हणून लागले, तिथून आलेल्या कथा वाचून मत देण्याच्या कामावर गेले. ‘द गनफायटर’च्या पटकथेला त्यांनी सुचवलेल्या गोष्टी वापरल्या गेल्या, पण त्यांना त्याचं ना श्रेय मिळालं ना पैसे. ते तिथून बाहेर पडले, आणि 1954 मध्ये पहिला स्वतःचा सिनेमा काढला, ‘मॉन्स्टर फ्रॉम द ओशन फ्लोअर’. समुद्रातल्या राक्षसाचा सिनेमा, रोकड साधारण बारा हजार डॉलर. पेपरात एका माणसाच्या छोट्या पाणबुडीबद्दल छापून आलं होतं. यांनी त्या कंपनीला फोन केला, तुमची जाहिरात होईल म्हणाले आणि पाणबुडी फुकट मिळवली. सामानाचा ट्रकही स्वतःच चालवला.

त्यापुढची युक्ती मला पाणबुडीहून भारी वाटते. छोट्या निर्मात्याचं दुखणं असं, की सिनेमा लागला तरी वितरकाकडून पैसे यायला महिनोन्महिने जातात आणि तोवर तो हात बांधून बसतो. ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ तयार झाल्यावर कॉर्मन यांनी एका नव्या वितरण कंपनीपुढे अट ठेवली: हा सिनेमा घ्या, पण पुढच्या सिनेमांसाठी आगाऊ पैसे आत्ताच द्या. हो, नाव ओळखीचं वाटलं ना? मोटारींच्या शर्यतींची आजची प्रचंड मालिका ज्या नावानं चालते, ते नाव मुळात कॉर्मन यांच्या या सिनेमाचं. ती वितरण कंपनी पुढे अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स झाली. तिचा खाक्या असा, की आधी नाव ठरायचं, मग पोस्टर, आणि पोस्टर जमलं की त्याला साजेसा सिनेमा. गिऱ्हाईक म्हणजे मोटारीत बसून मैदानातल्या मोठ्या पडद्यावर जोडसिनेमा, म्हणजे एका तिकिटात दोन सिनेमे, पाहणारी तरुण पोरं. आत्म्याचं उत्थान वगैरे कुणाला नको होतं.

‘हाऊस ऑफ अशर’च्या वेळी कंपनीला प्रश्न पडला, की भुताचा सिनेमा आहे तर यात राक्षस कुठाय? कॉर्मन म्हणाले, घर हाच राक्षस. आणि तेवढ्यासाठी त्यातले नट व्हिन्सेंट प्राइस यांच्या तोंडी घर जिवंत आहे, घर श्वास घेतंय, असं वाक्य घातलं. पंधरा दिवसांत शूटिंग उरकलं. शेवटच्या आगीसाठी पाडायचंच असलेलं एक जुनं कोठार रात्री पेटवलं, आणि त्या आगीचं चित्रीकरण पुढच्या कितीतरी सिनेमांत फिरून फिरून वापरलं. पोच्या गोष्टींवरच्या पुढच्या सिनेमांत घर कुठलंही असो, जळताना तेच कोठार जळतं.

‘हाऊस ऑफ अशर’ आला त्याच वर्षीचा ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ तर दंतकथाच झाला. स्टुडिओत एक सेट मोडायचा राहिला होता. तीन दिवस तालमी, दोन कॅमेरे एकाच वेळी लावलेले, दोन दिवसांत आतले सगळे प्रसंग, मग थोडं रात्रीचं बाहेरचं काम. माणसं खाणाऱ्या रोपट्याची ही गोष्ट. दाताच्या दवाखान्यात वेदनेनं खूश होणारा एक विचित्र पेशंट त्यात आहे, तो पुढे बडा नट झालेला जॅक निकल्सन, तेव्हा कोवळा पोरगा. त्यावर पुढे संगीत नाटक झालं, त्या नाटकावर मोठा सिनेमा झाला.

आता कुणी म्हणेल कंजूष. मला तो शब्द पटत नाही. कंजूष माणूस पैसा पुरून ठेवतो, कॉर्मन तो पुढच्या सिनेमात घालायचे. पण हेही खरं, की त्यांच्याकडे राबणाऱ्यांना पगार तुटपुंजा असे, आणि हिंसा, अंगप्रदर्शन यांची ठरलेली मात्रा सिनेमात पडलीच पाहिजे असा आग्रह असे. त्यातले कित्येक सिनेमे आज बसून पाहवत नाहीत. मी प्रयत्न केलाय.

एकदाच त्यांनी हिशेब बाजूला ठेवला. 1961 च्या उन्हाळ्यात, भाऊ जीन आणि स्वतःचे पैसे घालून, ‘द इंट्रूडर’. गोऱ्यांच्या शाळेत काळी मुलं येणार म्हणून गावाला चिथावणी देणारा एक देखणा, गोडबोल्या माणूस. ती भूमिका विल्यम शॅटनर यांची, ‘स्टार ट्रेक’च्या आधीची. शूटिंग मिसूरीतल्या खऱ्याखुऱ्या गावांत केलं. जमावात उभे असलेले गावकरी खरे, आणि त्यांना पूर्ण कथा सांगितलेली नव्हती. भाषणाला ते खऱ्या उत्साहानं माना डोलावतात, आणि पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. विषय काय आहे ते कळल्यावर धमक्या आल्या. परीक्षणं उत्तम आली, आणि सिनेमा आपटला. त्यानंतर कॉर्मन यांनी ठरवलं, वर करमणूक ठेवायची, म्हणायचं ते खाली ठेवायचं. माझ्या मते त्यांच्या हातचा सर्वांत चांगला सिनेमा हाच, आणि तसा दुसरा त्यांनी काढला नाही याची मला चुटपुट आहे.

1970 मध्ये त्यांनी न्यू वर्ल्ड पिक्चर्स ही स्वतःची कंपनी काढली आणि हळूहळू दिग्दर्शन सोडलं. इथून नव्या दिग्दर्शकांची शाळा सुरू झाली म्हणतात, पण खरी ती आधीच भरली होती. फ्रान्सिस फोर्ड कोपोलाला आयर्लंडमध्ये ‘डिमेन्शिया 13’ काढू दिला होता. पीटर बोग्डानोविचला सांगितलं होतं, भयपटांतला नट बोरिस कार्लोफ माझे कामाचे दोन दिवस देणं लागतो, त्यात काय बसतं ते बघ. त्यातून ‘टार्गेट्स’ निघाला. मग मार्टिन स्कॉर्सेसी, जोनाथन डेमी, जो दांते. आणि गंमत म्हणजे तुरुंगातल्या बायकांचे सिनेमे काढणारी हीच कंपनी बर्गमन, फेलिनी, कुरोसावा या थोर परदेशी दिग्दर्शकांचे सिनेमे अमेरिकेत वितरित करत होती. बर्गमनचा ‘क्राइज अँड व्हिस्पर्स’ त्यांनी मोटारवाल्यांच्या मैदानांतसुद्धा लावला.

कंपनीचा स्टुडिओ म्हणजे लॉस एंजेलिसच्या व्हेनिस भागातली जुनी लाकडाची वखार. तिथे एक पोरगा अंतराळयानाच्या भिंतींना बर्गरची फोमची खोकी चिकटवून रंग देत होता. 1981 च्या ‘गॅलेक्सी ऑफ टेरर’मध्ये तुटलेल्या हातावर अळ्या वळवळायला हव्या होत्या, पण त्या ढिम्म. पोरानं खालून विजेची तार जोडली आणि ‘ॲक्शन’ म्हणताच आडोशाच्या माणसाला प्लग लावायला सांगितलं. अळ्या नाचू लागल्या, ‘कट’ म्हणताच थांबल्या. मागून पाहणाऱ्या दोन निर्मात्यांना वाटलं, अळ्यांकडून अभिनय करून घेतो, तर माणसांकडून काय घेणार नाही? तो पोरगा जेम्स कॅमेरून, पुढे ‘टायटॅनिक’ काढणारा.

दिग्दर्शक म्हणून रॉन हॉवर्डचा पहिला सिनेमाही इथलाच, 1977 चा ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’. गर्दीच्या प्रसंगाला आणखी थोडी माणसं द्या म्हणून तो मागे लागला. कॉर्मन यांनी नाही म्हटलं ते म्हटलंच. वर समजूत काढली, की हे काम नीट केलंस तर पुन्हा माझ्याकडे काम करायची वेळ तुझ्यावर येणार नाही.

2009 मध्ये त्यांना मानाचं ऑस्कर मिळालं, 9 मे 2024 रोजी वयाच्या 98 व्या वर्षी ते गेले. पण शिष्यांनी फेड आधीच सुरू केली होती, आपापल्या सिनेमात गुरूला छोटी भूमिका देऊन. कोपोलानं ‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागात सिनेटर केलं. डेमीनं ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’मध्ये एफबीआयचा प्रमुख. आणि रॉन हॉवर्डनं 1995 च्या ‘अपोलो 13’मध्ये त्यांना केलं काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, सदस्य. सूट घातलेला हा म्हातारा अंतराळवीराला विचारतो, चंद्रावर तर आपण रशियाच्या आधी पोचलो, मग या कार्यक्रमावर अजून पैसे कशाला घालायचे, असं माझ्या राज्यातले लोक विचारतायत.

नमस्कार.