तळपाय बघितलेत का कधी?

बसा, बसा. जेवणं झालीयेत, पुरणपोळी झालीये, डोळे मिटायला लागलेत ते दिसतंय मला, पण अर्धा-पाऊण तास द्या. मी इथे मेलबर्नमध्ये जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे, आमच्याकडे स्किन चेकसाठी रोज माणसं येतात, आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट सतत खटकतीये की त्यात आपली माणसं जवळजवळ नसतातच. आपला माणूस शुगरसाठी येतो, बीपीसाठी येतो, गुडघ्यासाठी येतो. मी म्हटलं की आलाच आहात तर एकदा अंगावरचे तीळ बघून घेऊ का, तर उत्तर ठरलेलं, "डॉक्टर, आपण सावळी माणसं, तो गोऱ्यांचा आजार, आपल्याला काय होतंय?"

यातलं निम्मं खरं आहे, आणि ते मी आधीच कबूल करते. इथे दर तीन माणसांपैकी दोघांना सत्तरीपर्यंत कधी ना कधी कुठला तरी स्किन कॅन्सर निघतो, पण ते बहुतेक सगळे गोरे, ज्यांचे आजे-पणजे इंग्लंड-आयर्लंडच्या ढगाळ हवेतून इथल्या उन्हात आले. आपल्या कातडीत मेलॅनिन जास्त, आणि ते नुसतं रंगासारखं पसरलेलं नसतं, पेशीच्या आत जिथे डीएनए असतो त्या केंद्रकाच्या वरच्या बाजूला ते अगदी छत्री धरल्यासारखं जमा होतं. म्हणून आपल्याला धोका बराच कमी. पण कमी म्हणजे शून्य नाही, आणि उरलेलं निम्मं जे आहे ना, तेच सांगायला मी आज उभी आहे.

ऑस्ट्रेलियाचे जुने क्रिकेट कप्तान आणि कॉमेंटेटर रिची बेनॉ आठवतात ना सगळ्यांना? क्रीम रंगाचा कोट, तो शांत आवाज, पहाटे पाचला उठून आपण त्यांची कॉमेंट्री ऐकायचो. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं की कपाळावर आणि डोक्यावर स्किन कॅन्सर झालाय, ट्रीटमेंट चालू आहे. तरुणपणी ते खेळताना टोपी घालायचे नाहीत, कारण त्यांचा हिरो, क्रिकेटर कीथ मिलर, घालायचा नाही. २०१५ च्या एप्रिलमध्ये ते गेले. उन्हाचा हिशोब असा उशिरा येतो, विशीतलं ऊन सत्तरीत-ऐंशीत वसूल होतं. म्हणून लहान मुलांचं एवढं करतात इथे, शाळेत टोपी नसेल तर मैदानावर सोडतच नाहीत.

आणि हे आपोआप नाही झालं बरं का. १९८१ साली इथेच व्हिक्टोरिया राज्यात कॅन्सरविरोधी संस्थेने टीव्हीवर जाहिरातीत सिड नावाचा एक सीगल पक्षी नाचवला, स्लिप स्लॉप स्लॅप म्हणत, म्हणजे शर्ट चढव, सनस्क्रीन थाप, टोपी घाल. नंतर त्यात सावली शोधा आणि गॉगल लावा हेही आलं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आमच्या गावच्या खुरपायला जाणाऱ्या बायका आठवल्या. साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, डोक्याला टॉवेल नाहीतर स्कार्फ, आणि दुपारचं जेवण बांधावरच्या झाडाखाली. त्यांना कुणी सीगल दाखवला नव्हता. पुण्यात स्कूटरवरच्या पोरी चेहरा गुंडाळतात त्याला आपण हसतो, हसू नका, घट्ट विणीचं कापड हे कुठल्याही क्रीमपेक्षा भरवशाचं, ते घामाने वाहून जात नाही आणि दर दोन तासांनी परत लावावं लागत नाही.

आता आपली इथे फसगत कुठे होते, तर आपण ऊन चटक्यावर मोजतो. नागपूरचा मे म्हणजे ऊन, आणि मेलबर्नला बावीस डिग्री, गार वारा, म्हणजे काय ऊन नाही! असं नसतं हो. चटका देतात ते इन्फ्रारेड किरण, आणि कातडीचं नुकसान करतात ते अल्ट्राव्हायोलेट, यूव्ही, ते ना दिसतात ना जाणवतात. गार दिवशी, पातळ ढगातूनसुद्धा येतात. जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते आणि तेव्हाच इथे उन्हाळा, त्यात हवा स्वच्छ, त्यामुळे इथला यूव्ही इंडेक्स, म्हणजे यूव्ही किती आहे त्याचा आकडा, भर उन्हाळ्यात अकरा-बाराला जातो. जून-जुलैत मात्र तोच तीनच्या खाली असतो. फोनवर हवामानाबरोबर हा आकडा दिसतो तो बघायची सवय लावा, तीन आणि वर असेल तर काळजी घ्यायची.

सनस्क्रीन. सगळ्यात जास्त प्रश्न यावरच येतात म्हणून थोडं सविस्तर बोलते. एसपीएफ म्हणजे बाटलीवरचा संरक्षणाचा आकडा, तो तीस असेल तर त्वचा लाल करणाऱ्या किरणांतले साधारण सत्त्याण्णव टक्के अडतात, पन्नासला अठ्ठ्याण्णव, म्हणजे आकड्यात फरक फार वाटतो तसा तो नाही, खरा फरक पडतो आपण लावतो किती त्यात. मोठ्या माणसाच्या उघड्या अंगाला पस्तीस मिली लागतं, म्हणजे चहाचे सात चमचे, आणि आपण लावतो वाटाण्याएवढं, मग बाटलीवरचा आकडा काही कामाचा नाही. बाहेर पडायच्या वीस मिनिटं आधी लावा आणि दोन तासांनी परत. याचा उपयोग होतो का, तर होतो, आणि हे इथेच सिद्ध झालंय. क्वीन्सलँडमध्ये नांबोर म्हणून गाव आहे, तिथे १९९२ पासून सोळाशेच्या वर लोकांवर साडेचार वर्षं अभ्यास केला, निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला दिलं, निम्म्यांना म्हटलं तुमचं तुम्ही बघा. रोज लावणाऱ्यांमध्ये स्क्वेमस नावाचा कॅन्सर सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाला, आणि पुढे दहा वर्षांनी मोजलं तर मेलानोमा, जो सगळ्यात घातक, तो निम्म्यावर. ती माणसं प्रामुख्याने गोरी होती, हेही लक्षात ठेवा, ते आकडे जसेच्या तसे आपल्याला लावता येत नाहीत.

खोबरेल तेल लावलं तर चालेल का असं मागे एका काकांनी विचारलं होतं. नाही काका, तेल कातडीला मऊ ठेवेल पण उन्हाला अडवणार नाही.

आणि एक मनापासून सांगते, सनस्क्रीन म्हणजे गोरं व्हायचं क्रीम नाही. आपल्याकडे ऊन म्हटलं की पहिली भीती काळं पडायची, मुलीला तर लहानपणापासून ऐकावं लागतं, उन्हात खेळू नको, लग्नाला त्रास होईल. मीही ऐकलंय, आणि त्याचा मला अजून राग आहे. त्यामुळे झालंय काय की मुली उन्हाला घाबरतात ते चुकीच्या कारणासाठी आणि मुलगे अजिबात घाबरत नाहीत, दिवसभर क्रिकेट खेळतात उघड्या मानेने. रंग आहे तो छान आहे, तोच तर आपली छत्री आहे. हां, वांग असतील तर सनस्क्रीन लावा, त्यातही टिंटेड, म्हणजे कातडीसारखा रंग मिसळलेलं लावा, त्यात आयर्न ऑक्साइड असतं, ते साधा उजेडही अडवतं आणि आपल्या रंगावर पांढरं भूत दिसत नाही.

आता त्या उरलेल्या निम्म्याकडे येते. माझे मामा कोरेगाव तालुक्यातले शेतकरी, उभा जन्म अनवाणी नाहीतर पायताणावर गेला. त्यांच्या तळपायाला टाचेजवळ एक काळा डाग आला. सगळे म्हणाले कुरूप आहे. कुरूपाची पट्टी लावली, गावातल्या डॉक्टरांनी ब्लेडने तासलं, कुणी बिब्बा घातला, दीड वर्ष असं गेलं, आणि मग जांघेत गाठ आली तेव्हा पुण्याला आणलं. मेलानोमा होता, पसरलेला. मी तेव्हा एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होते. त्या दीड वर्षात मी दोनदा दिवाळीला त्यांच्या पाया पडले होते. डोकं त्यांच्या पावलावर टेकवलं, आणि तळवा बघितला नाही. हे मी विसरू शकत नाही.

सावळ्या-काळ्या माणसांना मेलानोमा होतो तेव्हा बऱ्याचदा तो अशा जागी होतो, तळपाय, तळहात, नखाखाली, जिथे रंग कमी असतो. आणि हा उन्हाने होत नाही. सनस्क्रीनने तो टळणार नाही, तो फक्त बघूनच सापडतो. जमैकाचा गायक बॉब मार्ली, त्याला पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच होता, फुटबॉल खेळताना लागलंय असं वाटत राहिलं, १९७७ ला कळलं आणि १९८१ च्या मे महिन्यात तो गेला, छत्तीस वर्षांचा. इथे सीगल नाचायला लागला तेच वर्ष.

म्हणून तळव्यावरचा नवीन काळा डाग जो वाढतोय, ज्याच्या कडा वेड्यावाकड्या आहेत, नखावर उभी काळी रेघ जी रुंद होत चाललीये किंवा नखाच्या मुळाशी कातडीवरही उतरलीये, नखुरडं म्हणून औषध घेताय आणि दोन महिने झाले तरी बरं होत नाहीये, हे सगळं दाखवायचं. आपल्या नखांवर बारीक रेघा असू शकतात, प्रत्येक रेघ म्हणजे कॅन्सर नाही, घाबरू नका, पण बदलणारी रेघ दाखवा. डॉक्टरने मोजे काढायला सांगितले नाहीत तर तुम्ही स्वतः काढा.

दुसरं, जुने भाजल्याचे व्रण. आपल्याकडे स्टोव्हने, चुलीने भाजलेल्या किती बायका आहेत. वीस-तीस वर्षांनी त्या व्रणात जखम झाली आणि भरेना, तर ती साधी जखम समजू नका. आणि कमरेवर नाडीचा काच. १९४५ मध्येच मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या डॉ. खानोलकरांनी धोतराच्या काचाने होणाऱ्या कॅन्सरची नोंद करून ठेवलीये, नंतर साडीच्या, परकराच्या नाडीनेही तसंच होताना दिसलं. असं क्वचित होतं, पण कमरेवर काळपट जाड पट्टा झाला असेल तर नाडी सैल बांधा, रोज जागा बदला, आणि तिथे फोड राहिला तर दाखवा.

तुम्ही विचारलंत व्हिटॅमिन डीचं काय. बरोबर आहे, सावळ्या कातडीला ते बनवायला ऊन जास्त लागतं आणि आपल्यात कमतरता फार. २०२४ मध्ये इथल्या तज्ज्ञांनी त्वचेच्या रंगाप्रमाणे तीन वेगवेगळे सल्ले दिले ते याचसाठी, सगळ्यांना एकच नियम चालत नाही. थोडा वेळ फिरून या, हातपाय उघडे ठेवून, त्याला माझी ना नाही. दिवसभर क्रिकेट किंवा बीच असेल तेव्हा झाकून घ्या.

आणि ताई, तुमच्या आई सहा महिन्यांसाठी सांगलीहून येतायत म्हणालात ना, त्यांचं काय करू. त्यांना सनस्क्रीन लावा म्हणून मागे लागू नका, त्या नाहीच लावणार. पदर डोक्यावर घेतला की पुरे. पण रात्री त्यांच्या तळपायाला काशाच्या वाटीने तूप चोळून देत असाल, तर टीव्ही बघत चोळू नका. दिवा लावा, चष्मा लावा, आणि बोटांच्या बेचक्यासुद्धा उघडून बघा.