नाव पाड्यावर, पोट बागेत

(दृश्य: पंचवटी, पेठ नाका. सकाळचे पावणेसात. रस्त्याच्या कडेला माणसांचे घोळके.)

सकाळी इथे अर्धा तास उभं राहिलं की नाशिकची द्राक्षं कुणाच्या हातांवर पिकतात ते कळतं. फडक्यात बांधलेली भाकरी, पाण्याची बाटली, एखाद्याच्या पिशवीतून डोकावणारी छाटणीची कात्री. पिकअप येते, काचेतून मान बाहेर निघते. "किती जण?" एवढाच प्रश्न. दोन मिनिटांत दिवसाचा रोज ठरतो आणि टोळी पिंपळगावकडे नाहीतर मोहाडीकडे निघून जाते.

ही माणसं पेठची, सुरगाण्याची, हरसूलकडची. भात-नागली कापून झाली की घाट चढून इकडे येतात. ऑक्टोबर छाटणी झालेल्या बागांमध्ये त्या वेळी हातांचा दुष्काळ असतो. डिपिंग, म्हणजे घड औषधाच्या द्रावणात बुडवणं, विरळणी, एकेक घड हातात घेऊन करायची कामं. आणि २०२४ची विधानसभा निवडणूक नेमकी याच दिवसांत आली. मतदान २० नोव्हेंबरला.

नाव पेठ तालुक्यातल्या पाड्यावर. पोट निफाडच्या बागेत.

मतदान सोपं की अवघड, असं विचारलं की आपण केंद्र किती लांब आहे ते बघतो. निवडणूक आयोगाचा दंडकही तसाच आहे: मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा जास्त जावं लागू नये. पाड्यावरची झेडपीची शाळा त्यात बरोबर बसते. पण माणूसच पाड्यावर नसेल, तर ते दोन किलोमीटर मोजायचे कुठून?

(दृश्य: सावळघाटातली वळणं, एसटीच्या खिडकीतून.)

बागेतून नाशिक. नाशिकहून पेठ, पंचावन्न-एक किलोमीटर. वाटेत सावळघाट, मग कोटंबीचा घाट. पेठहून पुढे जे मिळेल ते वडाप, आणि शेवटचा तुकडा पायी. बायकांना मार्च २०२३पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, तेवढाच आधार. पण मतदानाच्या आदल्या दिवशी एसटीच्या गाड्या यंत्रं आणि कर्मचारी पोचवायला जुंपलेल्या असतात. म्हणजे गावाला जायला गाडी हवी त्याच दिवशी गाड्या कमी. जायचा एक दिवस, मत देऊन परतायचा एक दिवस. नवरा-बायको दोघं गेले की चार खाडे.

कायद्यात सुट्टी आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ब सांगतं की मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यायची, आणि रोजंदारीवरचा मजूरही त्यात धरायचा. वाचायला छान वाटतं. पण बागेतली बरीच कामं उक्ती, एकराच्या भावाने घेतलेली. उक्त्या कामाला भरपगारी सुट्टी कोण देणार? मुकादम म्हणतो मालकाला विचारा, मालक म्हणतो माझा व्यवहार मुकादमाशी. त्याच कलमात पुढे एक पळवाटही आहे: कामगार नसल्याने मोठं नुकसान होणार असेल, तिथे ही सुट्टी लागू नाही. डिपिंगची वेळ चुकली तर घडाचं काय होतं, हे कुठल्याही बागायतदाराला विचारा. तो बोटांवर मोजून सांगेल.

मग उरते तिसरी वाट. कुणीतरी गाडी पाठवतं. फुकट नेतं, फुकट आणून सोडतं. आता मतदारांची अशी ने-आण उमेदवाराने करणं हे कायद्याच्या भाषेत भ्रष्ट आचरण. त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. थोडक्यात, कायदेशीर गाडी ड्यूटीवर, आणि दारात उभी असलेली गाडी बेकायदा.

"मग नाव इकडेच का करून घेत नाहीत?" शहरातला माणूस हे हमखास विचारतो. फॉर्म ८ भरला की पत्ता बदलतो, हे खरं. पण पत्ता कुठला लिहायचा? या वर्षी ही बाग, पुढच्या वर्षी दुसरी. पाऊस लागायच्या आत सगळे परत गावी, आवणीला, म्हणजे भातलावणीला. कायदाही म्हणतो की तात्पुरतं बाहेर गेल्याने माणसाचा रहिवास सुटत नाही. आणि गावातल्या नावाला बाकीचं किती टांगलेलं असतं: रेशन, घरकुल, वनहक्काचा दावा. यादीतलं नाव हलवलं आणि उद्या कुणी "तुम्ही इथले नाहीतच" म्हणालं तर? कागदोपत्री ही भीती चुकीची असेल. मला ती खुळी वाटत नाही.

डिसेंबर २०२२च्या अखेरीस आयोगाने यावर एक यंत्र पुढे आणलं होतं. एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघ. असाल तिथून गावाकडचं मत द्या. राजकीय पक्षांना दाखवायला बोलावलं. पक्षांनी शंका काढल्या. यंत्र तिथेच राहिलं.

(दृश्य: गंगापूर रोड. सोसायटीचं फाटक.)

इथून केंद्र पाच मिनिटांवर. २०२४च्या लोकसभेला नाशिकचं मतदान २० मे रोजी होतं, सोमवारी. शनिवार, रविवार, सोमवार. वर मुलांना सुट्टी. पुढे काय झालं असेल ते नाशिककरांना सांगायला नको. विधानसभेला आयोगाने मुद्दाम आठवड्याच्या मधला बुधवार धरला, शहरी मतदार बाहेर पडावा म्हणून. तरीही त्या दिवशीचे आकडे लावले तर कळवण आणि दिंडोरी वर, नाशिक मध्य आणि पश्चिम बरेच खाली. सुरगाणा कळवण मतदारसंघात येतो, पेठ दिंडोरीत.

शहराला नुसती नावं ठेवून मात्र चालणार नाही. सिडकोत भाड्याने राहणाऱ्याचा करार अकरा महिन्यांचा. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारी बाई, येते तेव्हा तो अंबडला शिफ्टवर, दाराला कुलूप. एका घरातले चौघे तीन केंद्रांवर विखुरलेले. लग्न होऊन आलेल्या मुलीचं आधार माहेरच्या नावाने, आणि मतदार यादीत ती अजून मनमाडलाच. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ साली, देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली होती, कारण त्यांनी "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढंच सांगितलं होतं. आता बाईला स्वतःचं नाव आहे. फक्त दोन कागदांवर दोन नावं आहेत.

आणि महापालिकेचं म्हणाल तर मार्च २०२२ला मुदत संपली आणि प्रशासक बसला तो पुढची काही वर्षं बसलाच. त्या काळात मतदान सोपं की अवघड, हा प्रश्नच नव्हता. मतदानच नव्हतं.

(दृश्य: गोदाघाट, रात्र. रामकुंडाजवळ पथारीवर झोपलेली माणसं.)

इथे झोपणाऱ्याला पत्ता नाही. तरी तो मतदार होऊ शकतो, आणि त्याला पत्त्याचा पुरावा मागायचा नाही, असा नियम आहे. अर्जात तो झोपायची जागा लिहितो. मग बीएलओने रात्री येऊन बघायचं की माणूस खरंच तिथे झोपतो का. एकदा नाही, एकापेक्षा जास्त रात्री. ज्याने कुणी हा नियम लिहिला, त्याने रस्त्यावर झोपणारी माणसं पाहिलेली असणार. पण दिवसा शाळेत शिकवून, शिवाय यादीचं काम सांभाळणाऱ्या बाईंनी रात्री अकराला घाटावर टॉर्च घेऊन फिरायचं, हे कुणाच्या डोळ्यांपुढे आलं असेल का?

(दृश्य: नाशिकरोड, मध्यवर्ती कारागृहाची भिंत. फक्त भिंत.)

आतल्या कच्च्या कैद्याला, म्हणजे गुन्हा अजून शाबित न झालेल्यालाही, मत देता येत नाही. निवडणुकीला उभं मात्र राहता येतं.

(दृश्य: मालेगाव. यंत्रमागांचा खडखडाट.)

आपल्या एका मताने काय फरक पडतो, हे कॉलेज रोडवर फार ऐकू येतं. याच जिल्ह्यातल्या मालेगाव मध्यमध्ये २०२४ला विजयाचं अंतर होतं १६२ मतं. तीन भरलेल्या एसटी आणि वर थोडे उभे.

(दृश्य: पुन्हा पेठ नाका. २१ नोव्हेंबर, सकाळ. बोटांवर ताजी शाई.)

मत देऊन आलेली टोळी घाट चढून नाक्यावर पोचेपर्यंत नऊ वाजलेले असतात. पिकअप केव्हाच निघून गेलेल्या. एक रिकामी गाडी तेवढी उभी आहे. ड्रायव्हर मोबाइलवरून मान वर करतो.

"नऊला आलात. अर्धा रोज."

सगळे चढतात.