घरच्या ताटापुरती पेरणी

श्रोतेहो, नमस्कार. पोळा झाला. बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून पुरता गेलेला नाही आणि काळ्या रानात रब्बीच्या मशागतीच्या पाळ्या सुरू झाल्यात. पंधरा सप्टेंबर ते पंधरा ऑक्टोबर हा आपल्याकडचा ज्वारी पेरायचा महिना. म्हणून आजच तुमच्याशी बोलायचं ठरवलं, कारण कुठल्या तुकड्यात काय पेरायचं याची बोलणी सध्या घरोघरी चालू असतील. त्या बोलण्यात घरातल्या बाईचा आवाज असावा, एवढ्यासाठी मी इथं आले आहे.

आम्ही लातूर जिल्ह्यातल्या औसा भागातले. साडेतीन एकर कोरडवाहू रान. 2015-16 च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची सरासरी जमीन 1.34 हेक्टर निघाली, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. तेव्हा माझं जे रान, तेच थोड्याफार फरकानं तुमच्यापैकी बहुतेकांचं.

या रानात पावसाळ्यात आम्ही सोयाबीन घेतो. ते घ्यावंच लागतं. मुलांची फी, दवाखाना, खताची उधारी त्यातूनच फिटते, आणि सोयाबीनला नावं ठेवायला मी आलेले नाही. पण सोयाबीन आपण खात नाही, विकतो. त्या पैशांतून तेलाचा पुडा आणतो, तूरडाळ आणतो, आणि आता तर ज्वारीसुद्धा विकत आणणारी शेतकऱ्यांची घरं मला माहीत आहेत. रान आपलं, राबणं आपलं, आणि ताटातलं सगळं दुकानातलं! हे मला सोसत नाही.

म्हणून आमच्या घरी एक एकर ताटासाठी राखलेलं असतं. त्या तुकड्यात पावसाळ्यात काही पेरत नाही. कुळवाच्या पाळ्या घालून पाऊस नुसता जिरवायचा. भारी काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि त्याच ओलीवर मालदांडी ज्वारी उभी राहते. पाच माणसांच्या घरात दिवसाला दीड किलो पीठ धरलं तर वर्षाला साडेपाच क्विंटल ज्वारी लागते. बऱ्या सालात एवढी ज्वारी या एका एकरात निघते, वर कडबा.

आता त्या एकरात नुसती ज्वारी नसते. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ज्वारीत करडईची इरवड, म्हणजे मधल्या ओळींतलं जोडपीक, टाकल्याशिवाय तिफण रानाबाहेर जाऊ देत नसत. ज्वारीची मुळं वरच्या थरात पसरतात, करडईचं सोटमूळ खोल जातं, त्यामुळे दोघींची ओलीवरून भांडणं होत नाहीत. बांधाच्या कडेनं करडई दाट पेरली की काट्यांमुळे शेळ्या-गुरं आत शिरत नाहीत. दाणे भरले की घाण्यावरून घरचं तेल. आणि त्याच्याही आधी, रोपं कोवळी असताना, विरळणीत काढलेल्या करडईची भाजी. लसणाच्या फोडणीवर, वर थोडा शेंगदाण्याचा कूट. दिवाळीच्या सुमाराला ही भाजी पहिल्यांदा शिजते, त्या दिवशी आमच्याकडे भाकरी दोन जास्त थापाव्या लागतात.

शेजारच्या पट्ट्यात हरभरा. त्याचे शेंडे खुडून भाजी करायची. खुडल्यानं हरभऱ्याला फुटवे येतात, म्हणजे भाजीही मिळते आणि घाटेही वाढतात. मधल्या मोकळ्या जागेत न पेरता पाथरी येते. ती धुऊन कच्चीच, मीठ आणि तिखट लावून, भाकरीशी खायची. बांधावर जूनमध्ये टाकलेली तूर असते, एका कोपऱ्यात वाल असतो. खुरपायला गेलेली बाई संध्याकाळी ओट्यात भाजी घेऊनच परत येते. याचा हिशेब कुठल्याही वहीत लिहिला जात नाही, पण घर त्यावर चालतं.

ही रीत अडाणी नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढाच चोथा असतो. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक मात्र कमी पडतो. तो डाळींमध्ये भरपूर असतो, आणि डाळींत जे कमी असतं ते धान्य भरून काढतं. भाकरीबरोबर पिठलं, हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, तुरीचं वरण ही जोडी आपल्या आयाबायांनी जिभेनं आणि अनुभवानं जुळवली होती. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं, तेव्हा शहरात ज्वारीची बिस्किटं आली. चांगलंच झालं. पण ज्वारीची खरी गोडी ताज्या पिठात आहे. दळण जुनं झालं की पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना चिरते. म्हणून आठ-दहा दिवसांपुरतंच दळावं.

मराठवाड्याला दुष्काळ नवा नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, हे सगळ्या देशानं पाहिलं. त्याच काळात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर आपल्या भागातल्या बायांनी घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून घेतला आणि त्यात भाजीपाला, डाळी, धान्य असं खायचं पीक कमी पाण्यावर घेऊन दाखवलं. 2017 मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट पुरस्कार वाटत नाही. बाईनं 'हा तुकडा माझ्या हाती द्या, यात काय लावायचं ते मी ठरवीन' असं घरात म्हटलं, ही वाटते.

मार्गशीर्षाच्या अमावास्येला, आपल्या येळवशीला, रानात काय-काय आहे ते एकाच दिवशी दिसतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव. भज्जी या मिसळीच्या भाजीत ओले हरभरे, तुरीचे दाणे, वाल, शेंगदाणे, हाताला लागेल ती पालेभाजी. ताकातली ज्वारीची आंबिल, उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी. त्या दिवशी लातूर शहराचे रस्ते ओस पडतात, कारण जो तो कुणाच्या ना कुणाच्या रानात जेवायला गेलेला असतो. पण श्रोतेहो, अलीकडे येळवशीच्या आदल्या दिवशी बाजारात भज्जीचा भाजीपाला मोठ्या ढिगांनी विकायला येतो. शहरातल्यांनी घेतला तर समजू शकते. रानवाल्यांना तो का घ्यावा लागावा?

तेव्हा यंदा एक एकर जमत नसेल तर दहा गुंठे काढा. मालदांडी 35-1 हे संकरित वाण नाही, त्यामुळे घरचं बी चालतं. एकरी 4 किलो पुरे. पेरणीआधी किलोला 4 ग्रॅम गंधक चोळा, कणसावर काणी रोग येणार नाही. शेवटी थोडी जागा हुरड्याच्या ज्वारीला ठेवा. राहुरीच्या विद्यापीठाचा फुले मधुर आहे, परभणीचा परभणी वसंत आहे. गावात कुणाकडे गुळभेंडीचं जुनं बी टिकलं असेल तर मागून घ्या, त्याची चव वेगळीच.

ज्यांना रान नाही, त्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये खळं झालं की ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाची ज्वारी एकदम घ्यावी. दोन कडक उन्हं द्यावीत आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोरड्या कोठीत भरावी.

आणि पुढच्या वर्षाचं बी ठेवायचं असेल, तर खळ्यातल्या राशीतून ओंजळ उचलू नका. ज्वारी उभी असताना रानात फिरा, भरदार, निरोगी कणसं हेरून त्यांना चिंधी बांधा, ती वेगळी काढा, वेगळी बडवा. हे काम घरातल्या मुलींनाही बरोबर नेऊन दाखवा. नमस्कार.