गाठ दोनदा ओढावी लागली

नमस्कार मंडळी. विषय दिलाय ‘प्रजासत्ताक दिन आणि आपण’. आज फेब्रुवारीचा दुसरा रविवार. व्यासपीठावर तिरंगा आहे, बाहेर टेबलावर हळदीकुंकवाची वाणं मांडलीत आणि रथसप्तमी उलटून गेली तरी तिळगूळ वाटणं चालूच आहे. एका हॉलच्या भाड्यात तीन कार्यक्रम उरकणारी आपली परदेशातली मराठी जमात! हसू नका. हा बेत आखणाऱ्या समितीत मीही होते.

पण मला बोलायचंय ते दादरबद्दल.

यंदा मुलीची शाळा बुडवून आम्ही नानांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे गेलो होतो. २६ जानेवारी सोमवारी आली होती. सलग तीन दिवस सुट्टी! आम्ही इथून निघायच्या आधीच भावाने नागावला खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गाडीसकट मांडवा, की पोचलोच. शुक्रवारी रात्री बॅगा भरताना नाना म्हणाले, “मला सोमवारी खाली झेंड्याचं बघायचंय. तुम्ही जा.”

भाऊ भडकला. “नाना, बांधेल की सोसायटीतलं कोणीतरी! मुलं एवढ्या लांबून आलीत.” नाना म्हणाले, “कोण बांधेल, नाव सांग.” मग बराच वेळ भांडण. शेवटी नाना एवढंच म्हणाले, “आणि समुद्र आपल्याकडेही आहे.”

तेव्हा माझी अकरा वर्षांची मुलगी, हातात सनस्क्रीनची बाटली घेऊन, म्हणाली, “आई, तिकडे आपण खोटी २६ जानेवारी करतो, रविवारी. इथे खरी आहे, तर आपण पळून का जातोय?”

मी तिला टॉवेल शोधायला पाठवलं.

ज्यांनी कॅनव्हासच्या बुटांना खडू घासलाय, त्यांना झेंडावंदन काय सांगायचं? पण एक गोष्ट मलाही नानांनीच शिकवली. १५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात. २६ जानेवारीला तो वरच बांधलेला असतो, फक्त उलगडायचा. म्हणजे सगळी मदार गाठीवर. घडीत गुलाबाच्या पाकळ्या, आणि सरकगाठ अशी की वाऱ्याने सुटू नये, पण दोरीच्या एका झटक्यात सुटावी. ती नाही सुटली तर काय होतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय: प्रमुख पाहुणे दोरीशी झटापट करतायत आणि शंभर पोरं सावधानमध्ये हसू दाबतायत. आमची चाळ पाडून टॉवर झाला, गच्चीवरचा झेंडा पार्किंगमध्ये आला, गाठ मात्र नानांकडेच राहिली.

तर आम्ही गेलो. खोटं कशाला बोलू, मजा आली. सुरमई, सोलकढी, ओहोटी बघून कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाणं. ‘अलिबागहून आलोय’ असं आता आम्ही छातीठोकपणे सांगू शकतो. सोमवारी ड्राय डे, ही गोष्ट आमच्या घरच्या पुरुषांना शनिवारीच आठवली आणि त्यांनी सोय करून ठेवली. राष्ट्रीय सणाची एवढी पूर्वतयारी मी आमच्या घरात पूर्वी कधी पाहिली नव्हती.

सोमवारी सकाळी किनाऱ्यावर बनाना बोटीला रांग, घोडागाड्या, स्पीकरवर देशभक्तीची गाणी. मुलीने नानांना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर पार्किंग, सात-आठ माणसं, त्यांत दोन वॉचमन. बाकीचा टॉवर बहुधा आमच्या शेजारीच वाळूत बसला होता. राष्ट्रगीत सुरू झालं तशी मुलगी ओल्या कपड्यांनिशी ताठ उभी राहिली. मग मीही उठले, हातात पोह्यांची बशी. बशी खाली ठेवावी हे मला ‘जय हे’पर्यंत सुचलं नाही.

त्याच संध्याकाळी परतलो. नाना नातीला घेऊन चौपाटीवर निघाले, मीही गेले. ते तिला चैत्यभूमीवर घेऊन गेले. १९५० साली याच दिवशी राज्यघटना लागू झाली आणि ती लिहिणाऱ्यांमध्ये जे प्रमुख होते ते बाबासाहेब इथे आहेत, असं सांगितलं. मी दादरमध्ये वाढलेली बाई. आमच्या चाळीत ६ डिसेंबरबद्दल एकच वाक्य ऐकलं होतं: गर्दी असते, तिकडे जाऊ नका. घरापासून दहा मिनिटांवरच्या त्या जागी मी पंचेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा गेले, तेही मुलीच्या मागून. तुमच्यापैकी दादरकर कितीजण गेलेत? हात वर करू नका, मला नको आहे मोजायला.

येताना नाना सहज म्हणाले, “या वेळी गाठ दोनदा ओढावी लागली. बोटं पहिल्यासारखी चालत नाहीत.” भाऊ गप्प. मीही गप्प. मुलगी म्हणाली, “मला शिकवा.” त्यांनी तिला नाडीवर शिकवली. ती इथे येऊन खुर्चीच्या पाठीला बांधत बसते. पाचातली एखादी सुटते, बाकीच्या कात्रीने कापाव्या लागतात.

पुढच्या वर्षी २६ जानेवारी मंगळवारी येते. जोडून सुट्टी नाही, आणि आपल्याला हॉल मिळतो रविवारीच. मुलीने कॅलेंडरवर मंगळवारभोवती गोल काढलाय. आम्ही तो दिवस कुठे असू, हे तिने मला दोनदा विचारलं.